पोल नंबर काय?

आमच्या तंजावूरच्या घरमालकीणबाईंसमोर कुणाला धड रडण्याची सोय नव्हती. शेजारीण सुनेचं गाऱ्हाणं घेऊन येवो, भाजीवाला गुडघेदुखी घेऊन येवो, नाहीतर मी, त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, कॉलेजातल्या राजकारणाला वैतागून जिन्यात उसासे टाकत उभा असो, बाई चष्मा कपाळावर सरकवत आणि शांतपणे विचारत, "कळलं. दुखतं. पोल नंबर काय?"

त्याचं असं होतं. बाईंनी सगळी नोकरी वीज मंडळाच्या तक्रार कचेरीत, तिकडच्या भाषेत 'फ्यूज कॉल'वर, फोन उचलण्यात काढली होती. लाइट गेली की लोक फोनवर नुसते ओरडतात. अंधार आहे, बाळ रडतंय, परीक्षा आहे, मंडळाचा सत्यानाश होवो, असं सगळं सांगतात, फक्त वायरमनला पाठवायचं कुठे तेवढं सांगत नाहीत. तेव्हा रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर रंगवलेला आकडा आधी काढून घ्यायचा आणि सहानुभूती मागाहून द्यायची, अशी त्यांना सवय लागली. निवृत्त झाल्या तरी ती सुटली नाही. मुलांना त्यांनी घराचा पत्ता शिकवायच्या आधी समोरच्या खांबाचा नंबर पाठ करून घेतला होता. "गर्दींत हरवलात तर पोलिसाला अप्पाचं नाव सांगूं नकां," त्या म्हणायच्या. "त्या नावाचे गावांत पुष्कळ. पोल नंबर सांगा." नंबर होता बारा बटा चार. ऊन-पावसानं तो पुसट झाला की बाई पोंगलच्या साफसफाईत रंगाचा डबा घेऊन तो स्वतः गिरवायच्या. सरकारी खांबाला हात लावायला परवानगी लागते, असं मी एकदा म्हणालो. "मीच सरकार होतें, सार," असं उत्तर मिळालं.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आजही पाच-दहा मराठी घरं आहेत. सगळी गल्ली बाईंना तोंडावर 'अक्का' आणि पाठीमागे 'फ्यूज कॉल' म्हणे, आणि हे दुसरं नाव त्यांना जास्त आवडतं असा माझा संशय आहे. घर नवराबायकोनं नोकरी करता करता बांधलेलं, मोझेकच्या फरश्यांचं, दोन मजली. यजमान बँकेत होते. ते गेल्यावर खाली बाई एकट्या आणि वर भाडेकरू. मी सांगलीचा, इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला तिकडे गेलेला. जागा बघायला गेलो तेव्हा मी मोठ्या उत्साहानं मराठीत सुरुवात केली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सार, तुमचं मराठी रेडिओचं आहे. बातम्या झाल्या असतील तर आतां भाड्याचं बोलूं."

त्यांचं मराठी वेगळं. 'सगळं'ला त्या 'अस्की' म्हणत, 'आणि'ला 'होर', आणि चाल अशी तमिळ की सुरुवातीला मला वाटायचं बाई सतत काहीतरी विचारताहेत. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. वाण्याची यादी त्या मराठीतच करत, पण तमिळ अक्षरांत. त्या यादीत कुठली जिन्नस कुठली, हे फक्त वाण्याला आणि देवाला ठाऊक.

मुलगा अमेरिकेत आणि मुलगी हैदराबादेत. मुलगा जगातल्या एका बलाढ्य कंपनीत आणि मुलगी तिच्याच हाडवैरी कंपनीत. आजवर या कंपन्यांनी आपले फोन घेतले, पत्रं घेतली, फोटो घेतले. आता त्या घरात शिरायला निघाल्या होत्या. दिवे, पंखे, दारं, कुलपं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नाडी, सगळं त्यांना हवं होतं. अशी लढाई मी वर्तमानपत्रात वाचत होतो. ती आमच्या गल्लीत, एकाच छपराखाली पाहायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

निमित्त झालं ते बाई न्हाणीघरात घसरल्याचं. फार लागलं नाही, पण मुलं घाबरली. कोयंबतूरजवळ वृद्धांसाठी एक वसाहत आहे, डॉक्टर, जेवण, बाग, सगळं जागच्या जागी. अम्मानं तिकडे जावं आणि घर विकावं, असं दोघांनी ठरवलं. बाईंनी साफ नाही सांगितलं. शेवटी तडजोड झाली. घरात यंत्रं बसवायची, दसऱ्यापर्यंत बघायचं. यंत्रांनी एकदा जरी धोक्याची घंटा वाजवली तरी बाईंनी मुकाट्यानं कोयंबतूरची गाडी धरायची. ही अट बाईंनी कबूल केली. स्वतः बांधलेल्या घरातून असं उठून जायचं म्हणजे काय, हे मला त्या फरश्यांकडे बघूनच कळत होतं.

मुलाच्या कंपनीचा बोलका डबा हॉलमध्ये बसला आणि मुलीच्या कंपनीचा स्वैपाकघरात. बसवले मीच. त्या डब्यांना ज्या नावांनी हाक मारायची ती नावं इथे लिहीत नाही, कंपन्यांची फुकट जाहिरात कशाला? मनगटावर एक पट्टा आला, तो बाई चालतात की पडल्या आहेत हे अमेरिकेला कळवणार. आणि रोज दहाच्या ठोक्याला हॉलमधला डबा इंग्रजीत "गुड मॉर्निंग, कशा आहात?" असं विचारणार आणि बाईंनी उत्तर द्यायचं. बाई उत्तर देत, "प्रेझेंट." आणीबाणीत फोन करायचा माणूस म्हणून नाव माझं.

कॅमेरे मात्र त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. मुलानं पुष्कळ समजावलं. बाई म्हणाल्या, "मी कचेरींत इतकीं वर्षं लोकांचा अंधार ऐकला. कोणाच्या घरांत बघितलं नाही. ऐकून काम होतं." या वाक्यावर त्या बलाढ्य कंपनीनं माघार घेतली आणि कॅमेरे पेटीसकट माळ्यावर गेले.

पहिल्या आठवड्यातच बाईंच्या लक्षात आलं की दोन डबे एकमेकांशी बोलत नाहीत. हॉलमधल्याला स्वैपाकघरातला दिवा लावता येत नाही, आणि स्वैपाकघरातल्याला हॉलमधल्या पंख्याची गंधवार्ता नाही. मी त्यांना दोन कंपन्यांमधली स्पर्धा वगैरे समजावू लागलो.

"कळलं," बाई म्हणाल्या. "बिल सेक्शन होर मेंटेनन्स सेक्शन."

मग त्यांनी दोघांना कचेरीतल्यासारखं वागवायला सुरुवात केली. गच्चीवर तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांचे भाऊबंद, वाळत घालायचे असले की सकाळी आधी हॉलमध्ये जाऊन विचारायचं, आज पाऊस येणार का? मग तोच प्रश्न स्वैपाकघरात. एक म्हणे येणार, दुसरा म्हणे नाही. संध्याकाळी ज्याचं खोटं ठरे त्याचा प्लग काढून ठेवला जाई. अमेरिकेतून मुलाचा फोन यायचा, "अम्मा, डबा बंद दिसतो. काय झालं?"

"सस्पेंड केलाय."

"कां?"

"चुकीची माहिती दिली. उद्यां दहाच्या हजेरीला ड्यूटीवर घेतें."

मुलगी हे ऐकून खूश व्हायची, कारण तिच्या कंपनीचा डबा अजून नोकरीत असायचा. दुसऱ्या दिवशी त्याचीही पाळी यायची. दोन्ही कंपन्यांचे मोठमोठे साहेब काचेच्या इमारतींत बसून घराघरांत कोण आधी पोचतो याच्या योजना आखत असतील, आणि इकडे तंजावूरला त्यांचे डबे आळीपाळीनं निलंबित होत होते. माझ्या वर्गात मी हा किस्सा सांगितला तेव्हा पोरांनी बाकं वाजवली.

डब्यांना मराठी कळत नाही, याचं मला वाईट वाटायचं. बाईंना आनंद होता. त्या डब्यांशी इंग्रजी नाहीतर तमिळ बोलायच्या आणि डब्यांविषयी मराठीत. "घरांत एक तरी बोली आपली असूं दे, सार. शिव्या कोठें घालाच्या?"

त्यांचा खरा विजय झाला तो सोवळ्यात. तिकडे त्याला मडी म्हणतात. उंच दांडीवर वाळवलेलं नऊवारी नेसून बाई स्वैपाकघरात शिरल्या की कशालाही शिवायच्या नाहीत, आणि विजेच्या बटणाला तर नाहीच, कारण त्याला येणारे-जाणारे सगळे हात लावतात. यासाठी त्यांनी वेळूची एक काठी ठेवली होती. तिच्या टोकानं त्या दिवा लावत, पंखा लावत, आणि नेम चुकला तर मिक्सर सुरू होई. एके दिवशी मी जिन्यावरून उतरताना ऐकलं, आतून कचेरीतला आवाज आला, "किचन लाइट. इमिजिएट." दिवा लागला. मग बाई दारात आल्या, हात वर धरलेले, तोंडभर हसू.

"सार! मिशनला विटाळ नाही!"

दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या सोवळ्यातल्या बायका येऊन हे विटाळ नसलेलं मशीन बघून गेल्या. पुढे गांधीजी रोडवरच्या दुकानदारानं मला विचारलं, या वयाच्या बायका एकदम हे डबे का मागताहेत? मी कारण सांगितलं. हा उपयोग कंपनीनं छापलेल्या कागदांत नव्हता.

असे दिवस चालले होते. दसरा जवळ येत होता, घंटा एकदाही वाजली नव्हती, आणि मी मनातल्या मनात बाईंना पास करून टाकलं होतं. एका संध्याकाळी त्या जिन्याखालून म्हणाल्या, "सार, उद्यां मला हाक मारूं नकां. मडी आहे." मी बरं म्हणालो. मडी रोजचीच होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवत असताना खिशात फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, थांबेचना. बाहेर येऊन उचलला तर मुलगा. तिकडच्या वेळेचं त्याला भानच नव्हतं. "सर, अम्मा उत्तर देत नाही. मनगटाचा पट्टा सकाळपासून हललेला नाही. डबा तासभर विचारतोय. मी अँब्युलन्स सांगितली आहे. तुम्ही पळा."

मी पळालो. मोपेडला आधी घराचीच किल्ली लावली. न्हाणीघर, ओली फरशी, भलतंसलतं सगळं डोळ्यांपुढे आलं. गेलं वर्षभर ही बाई मला रोज टोमणे मारत होती, आणि आता तिच्याशिवाय त्या जिन्यात उभं राहायचं कसं, हे मला समजेना. मला त्या फार आवडत होत्या, हे त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं.

गल्लीत शिरलो तर घरासमोर अँब्युलन्स, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उंबऱ्यावर चपला काढत उभी. दार सताड उघडं. आत हॉलमध्ये केळीच्या पानांवर ब्राह्मण जेवत होते. कुंभकोणमहून आलेले बाईंचे धाकटे दीर जानवं उजव्या खांद्यावर घेऊन दर्भ हातात धरून बसले होते. कोपऱ्यात डबा उपरण्याखाली झाकलेला होता आणि उपरण्यातून दबलेल्या आवाजात विचारत होता, कशा आहात, कशा आहात? त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. आणि बाई, धडधाकट, नऊवारी नेसून, पानापानावर वडे वाढत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

श्राद्ध होतं. यजमानांचं. श्राद्धाचा स्वैपाक आणि वाढणं त्यांच्याकडे पूर्ण मौनात होतं, अन्नावर शब्दसुद्धा पडू द्यायचा नाही. आणि रबराचा पट्टा सोवळ्यात चालत नाही, म्हणून तो पहाटेपासून खुंटीवर.

मी उंबऱ्याच्या बाहेरूनच फोन हॉलकडे वळवला. मुलाचा चेहरा पडद्यावर होता. आधी त्यानं सुटकेचा श्वास सोडला, मग तो संतापला.

"अम्मा, बरी आहेस तर उत्तर कां देत नाहीस? इथें आमचा जीव गेला! पुरे आतां, ही घंटा वाजली म्हणजे वाजली, तूं कोयंबतूरला..." आणि तो थांबला. त्याला काका दिसले असावेत. पानं दिसली. काकांच्या हातातले दर्भ दिसले. जिथे त्यानं स्वतः बसायचं, तिथे काका बसले होते. फोन मात्र त्यानं ठेवला नाही. ब्राह्मणांचं जेवण होईपर्यंत मी उंबऱ्यावर फोन धरून उभा राहिलो आणि तो तिकडून बघत राहिला. मधेच मुलीनंही फोन जोडला, आणि तीही बघत राहिली.

ब्राह्मण दक्षिणा घेऊन उठले. पानं उचलली गेली. बाईंनी आचमन केलं, हात पुसले आणि माझ्यापासून हातभर लांब येऊन उभ्या राहिल्या.

"आतां बोलतें," त्या म्हणाल्या. "मी हातांतला पट्टा काढला, तें मिशन तुला सांगटली. कां काढला, तें सांगटली काय?"

मुलगा म्हणाला, "मी तारीख घालून ठेवली होती, अम्मा. ती अजून पुढें आहे."

"तारीख सरकारची. अप्पा तिथीला गेले. दरवर्षीं मी फोन करून सांगतें. ह्या वर्षीं मुद्दाम सांगटलं नाही. म्हटलं, घरांत दोन दोन कंपन्या बसल्यात, अस्की खबर ठेवतात. बघूं, कोण सांगतं. इतके महिने तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. आज मी तुमची घेतली."

पलीकडे मुलगा रडायला लागला. चाळिशीचा, गाडीबंगला असलेला माणूस हुंदके देऊन रडत होता आणि मला फोन कुठे वळवावा ते कळेना.

"रडूं नकों," बाई म्हणाल्या. आवाज अगदी कचेरीतला, पण डोळे भरलेले. "कळलं, दुखतं. पोल नंबर काय? कोठें चुकलं तें सांग."

"माझ्याकडं, अम्मा. चूक माझ्याकडं."

"सरी, बरं. तक्रार नोंदली."

मग त्यांनी पायरीवर बसलेल्या अँब्युलन्सवाल्यांकडे मोर्चा वळवला. ताक पुढे करवलं आणि उलटतपासणी सुरू केली. फोन कधी आला, निघालात कधी, इतक्या लवकर ही गल्ली सापडली कशी? ड्रायव्हर तमिळमध्ये म्हणाला, "सापडली कुठे, अम्मा! मोबाइलवरच्या नकाशानं राजवाड्याच्या भिंतीपाशी नेऊन सोडलं. पुढे रस्ताच नाही. मग अमेरिकेतले ते सार फोनवर ओरडले, गल्लीत शिरा, खांब बघत या, पोल नंबर बारा बटा चार. नंबर लांबूनच दिसला. रंग ठळक आहे."

बाई गप्प झाल्या. मौन सुटलेलं असताना त्या गप्प झालेल्या मी तेवढ्याच एकदा बघितल्या. मोठ्या कंपनीचा नकाशा भिंतीला धडकला होता, आणि लहानपणी आईनं पाठ करून घेतलेला आकडा साता समुद्रापलीकडून बरोबर दारात येऊन पोचला होता. त्या फोनकडे वळल्या.

"दोन्ही कंपन्या नापास," त्यांनी निकाल दिला. "तुम्ही दोघं तिथीच्या विषयांत नापास. तूं पोल नंबरांत पास."

"होर कोयंबतूर?" मुलीनं भीत भीत विचारलं.

"कोण जाणार कोयंबतूरला? मी पडलें असतें तर गाडी दारांत आली असती, हें आज सिद्ध झालं. आतां ह्या घरांत मला काय भीती?"

ज्या घंटेनं बाईंचं घर जायचं, त्याच घंटेनं ते राहिलं. मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती. श्राद्धाच्या घरात ती बरी दिसली नसती म्हणून आवरली.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून सांगलीला परत यायला निघालो, तेव्हा योगायोगानं तिथीचाच आदला दिवस होता. सामान बांधून खाली निरोप घ्यायला गेलो. दहा वाजले. हॉलमधला डबा किणकिणला. पण "गुड मॉर्निंग" आलं नाही. डब्यातून मुलाचा आवाज आला. त्यानं मराठीत, त्यांच्या मराठीत, बोलून ठेवलं होतं, आणि ते तारखेला नाही तर पंचांगाला बांधलं होतं. "अम्मा, उद्यां अप्पांची तिथी. उद्यां मी हजेरी विचारणार नाही. तूं निवांत स्वैपाक कर."

मी बाईंकडे बघितलं. रोजच्यासारखं "प्रेझेंट" म्हणतील असं वाटलं. पण त्यांचं डब्याकडे लक्षच नव्हतं. त्या उठून दाराकडे निघाल्या होत्या. बाहेर एक ऑटो घर शोधत पुढे चालली होती, आणि मागच्या सीटवरून, बॅगांच्या ढिगाआडून, डब्यातला तोच आवाज जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "अहो थांबा, मागें घ्या! बारा बटा चार! बारा बटा चार!"